मदत हवी आहे : पहिली एसआयपी रोबो अ‍ॅपवरून करावी का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला नुकतीच नोकरी लागलीय. दरमहा ५,००० रुपये ती एका रोबो-अ‍ॅडव्हायजरी (माणसाऐवजी संगणकच गुंतवणुकीचा सल्ला देतो अशा) अ‍ॅपमधून गुंतवायचं म्हणतेय. वय, पगार, 'बाजार २० टक्के पडला तर काय कराल?' एवढं विचारून अ‍ॅपने लगेच म्युच्युअल फंडांची यादी दिली. फंड डायरेक्ट (मध्यस्थाशिवाय थेट) की रेग्युलर (मध्यस्थामार्फत), ते मात्र नीट दिसत नाही. रेग्युलरमध्ये कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं, म्हणून जीव अडकलाय. बाजार नियामक सेबी गुंतवणूक सल्लागारांना देते तो 'आयएनए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही अ‍ॅपवर सापडला नाही.

शिवाय आपोआप होणारं रीबॅलन्सिंग, म्हणजे ठरलेलं प्रमाण राखायला फंडांची खरेदी-विक्री! इक्विटी (शेअर्समध्ये गुंतवणारा) फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर, काही फंडांत एक्झिट लोडही (लवकर पैसे काढल्याचं शुल्क). असे व्यवहार अ‍ॅप आधी विचारून करतं का? कुणी वापरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, पुढच्या पगाराआधी ठरवायचंय.