गणपतीनंतर १५ दिवस युरोप : रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं?

गुहागरचा_सडा
आम्ही तिघं : मी, बायको आणि २४ वर्षांची मुलगी. अनंत चतुर्दशी झाली की निघायचं, दिवाळीआधी घरी. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, प्राग नक्की. म्युनिक जमलं तर. टूर कंपनी नको. युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास) परवडेल का? व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? उत्पन्न आंब्याचं आहे, त्याचे कागद काय लावायचे? आणि खायचं काय काय नेता येतं?

रुळावरची
दादा, या चार शहरांसाठी पास नको. लांब पल्ले रोज मारायचे असतील तर पास वसूल होतो. तुमचे टप्पे छोटे आहेत : बुडापेस्ट–ब्रातिस्लाव्हा अडीच तास, ब्रातिस्लाव्हा–व्हिएन्ना तासभर, व्हिएन्ना–प्राग चार तास. शहरं याच क्रमाने घ्या. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ काढा, बुडापेस्टला उतरा आणि प्रागहून परता. जाऊन-येऊन व्हिएन्नाचं काढलंत तर मागे फिरण्यात एक दिवस आणि तिघांचं भाडं फुकट जातं.

ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ ही स्वस्त तिकिटं मोजकीच असतात, आधीची संपली की दर चढतो. ती त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीट गेलं. म्हणून विमानाने पोचाल त्या दिवसाचं असलं तिकीट काढूच नका.

म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. तेव्हा खोल्यांचे भाव अंगावर येतात, तो उलटल्यावरच जा.

कागदपत्रं_नीट
ज्या देशात रात्री जास्त, त्याचा व्हिसा. सारख्या असल्या तर जिथे आधी शिराल त्याचा. बुडापेस्ट ४, ब्रातिस्लाव्हा १, व्हिएन्ना ४, प्राग ५ असं धरलं तर चेकचा. अर्ज, हॉटेलं आणि तिकिटं यांत रात्रींची गणती एकच हवी. नंतर म्युनिक घुसडलंत की ही गणती बिघडते, तेव्हा त्याचं आधीच ठरवा.

अर्ज निघण्याआधी ६ महिने ते १५ दिवस या मुदतीत करता येतो, पण शेवटच्या आठवड्यांवर राहू नका. फी माणशी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) चालणारा. पासपोर्ट परतीनंतर ३ महिने तरी वैध हवा.

आंब्याचे पैसे एप्रिल ते जूनमध्ये एकदम जमा होतात. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याला शंका येते. म्हणून वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेबाचे कागद), सातबारा आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा, पट्टीवरची रक्कम आणि बँकेतली नोंद जुळवून खुणा करा.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी नऊची वेळ घेऊ नका, दुपारची घ्या.

कुळीथ_आणि_आमसूल
दूध आणि मांस यांचे पदार्थ बंद : तूप, पेढे, खवा काही नाही. ताजी फळंही नकोत, अपवाद मोजका. नारळ त्यात बसतो! पोहे, मेतकूट, आमसुलं चालतात. सुके सोडे नियमात बसतात, पण हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात ते शिजवू नयेत.

कुळथाचं पिठलं सगळ्यात सोयीचं. फोडणी तिथे करू नका, धुराचा भोंगा वाजतो. घरीच तेलात हिंग, लसूण, तिखट परतून पिठात मिसळा, मीठ घाला. तिथे चार मोठे चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग एकूण दोन कप पाणी आणि दोन आमसुलं घालून उकळा.

व्हिएन्नाला रविवारी आणि २६ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. आदल्या दिवशीच सामान भरा.

रुळावरची
पैशांचं राहिलं. हंगेरीत फोरिंट, चेकमध्ये कोरुना, बाकी दोन्हीकडे युरो. एटीएम किंवा कार्डाच्या मशीनने ‘रुपयांत घ्यायचे का?’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. रुपयांतला दर हमखास महाग पडतो.