एचडी शूटच्या आधी अर्धा दिवस कॅमेरा टेस्ट : गरज की उधळपट्टी?

रंगपेटी_धरमपेठ

नागपुरात लघुपट, वेब मालिका, यूट्यूबची गाणी असं काम वाढलंय. नट बहुतेक रंगभूमीवरून येतात, कोणी एकांकिका स्पर्धांतून, कोणी पूर्व विदर्भातल्या वडशाच्या झाडीपट्टी नाटकांतून. पण सगळे भेटतात ते थेट शूटच्या सकाळी, लोकेशनवर. मेकअप तिथेच पहिल्यांदा लागतो, कपडेही तिथेच पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर येतात. हे थांबायला हवं. शूटच्या आधी चार तास, ज्या कॅमेऱ्यावर आणि ज्या लेन्सवर काम होणार त्यावरच टेस्ट झाली पाहिजे.

जुन्या पाल टीव्हीचं चित्र 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखही पिक्सेल नव्हते. फुल एचडी 1920 गुणिले 1080, पावणेएकवीस लाख. पाचपट. क्लोजअपमध्ये फ्रेमची उंची 27 सेंटीमीटर धरा, चेहऱ्याच्या दर मिलिमीटरला चार पिक्सेल येतात. विगची जाळी कपाळाला चिकटते तिथली स्पिरिट गमची (विग-मिशी चिकटवायच्या डिंकाची) चकाकी, क्रेपच्या म्हणजे खोट्या केसांच्या मिशीची ओठाजवळ सुटलेली कड, कानामागे न पोचलेला बेस म्हणजे मेकअपचा मूळ थर, सगळं दिसतं. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतून यातलं काही दिसत नाही, म्हणून ते शोधायची नजरही तयार झालेली नसते.

टेस्ट अशी घ्यायची: प्रत्येक नटाचा प्रत्येक कपडा, पूर्ण अंग, कमरेपर्यंत आणि चेहरा असे तीन शॉट, दर शॉट दहा सेकंद, पाटीवर नाव आणि कपड्याचा नंबर. नटाने मान सावकाश दोन्हीकडे वळवायची, कारण कानाजवळची कड समोरून सापडत नाही. मग ते फुटेज 32 इंची किंवा त्याहून मोठ्या फुल एचडी टीव्हीवर जवळ बसून पाहायचं. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर पाहून पास करू नका.

बर्डीचा_कॅमेरा

ताई, दुखणं बरोबर ओळखलं, औषध पटलं नाही. चार तासांच्या टेस्टसाठीही कॅमेरा, लेन्स, लाईट भाड्यानेच आणावे लागतात. चार दिवसांच्या शूटला पाचव्या दिवसाचा खर्च. तेवढ्या पैशात मोठा मऊ लाईट येतो, आणि त्वचेचं निम्मं काम लाईटच करतो. 4 बाय 4 फुटांची फ्रेम, तिच्यावर डिफ्युजन (उजेड पसरवणारं अर्धपारदर्शक कापड) नाहीतर धुतलेलं दुहेरी मलमल, चेहऱ्यापासून चार-साडेचार फुटांवर. स्रोत मोठा आणि जवळ असला की मुरुमाच्या खड्ड्यात सावली साचत नाही. उघडा एलईडी दहा फुटांवरून मारला की तोच चेहरा खडबडीत दिसतो आणि मग लोक मेकअपवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

दुसरं, कॅमेऱ्यातला शार्पनेस शून्याखाली आणा. ती कॅमेऱ्याने वरून ओढलेली कड असते. सुरकुती, केस, पावडरचा कण, सगळ्यांभोवती बारीक पांढरी-काळी रेघ येते. एचडी म्हणजे कडक चित्र असं समजून तो वाढवणारे बरेच आहेत. एवढं करूनही चेहरा बोचत असेल तर लेन्ससमोर 1/8 चा ब्लॅक प्रो-मिस्ट, म्हणजे चित्र किंचित मऊ करणारा हलका फिल्टर, लावा. वेगळा दिवस कशाला?

रंगपेटी_धरमपेठ

शार्पनेसचं शंभर टक्के मान्य. मिस्टचं नाही. एक तर त्याचा परिणाम लेन्सनुसार बदलतो. 35 एमएमच्या लेन्सवर जो 1/8 जेमतेम कळतो तो 85 च्या लेन्सवर ठळक दिसतो, म्हणजे वाईडमधून क्लोजअपला गेलं की तोच माणूस धुक्यात उभा राहिल्यासारखा वाटतो. दुसरं, मागे खिडकी असेल आणि बाहेर आपलं मे महिन्यातलं ऊन, तर काळे भाग दुधाळ होतात. आणि विगची जाळी तरीही दिसतेच. फिल्टर त्वचेची रेघ विरघळवतो, चुकीच्या जागी चिकटवलेली कड नाही.

महालचे_रंगभूषाकार

दोघांच्याही बोलण्यात नाटकाचा मेकअप म्हणजे जाड थर हे गृहीत आहे, त्याला माझा आक्षेप. पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायचा वडीचा बेस, मुळात रंगमंचासाठी आलाच नव्हता. 1930 च्या दशकात टेक्निकलर म्हणजे रंगीत फिल्मसाठी मॅक्स फॅक्टर कंपनीने तो काढला. ओल्या स्पंजवर पाणी किती आणि हात किती हलका, यावर थर ठरतो. डबी बदलून ‘एचडी’ लिहिलेली महाग बाटली आणली आणि हात तोच ठेवला, तर फरक पडणार नाही.

खरी चूक रंगात होते. सावळ्या माणसाला दोन शेड उजळ करायचा हट्ट अजून सुटलेला नाही. गव्हाळ-सावळ्या कातडीवर गुलाबी झाक असलेला फिकट बेस बसला की चेहरा राखाडी दिसतो, मान वेगळी आणि हात तिसरेच. आणि कॅमेरामन झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली खूण) 70 टक्क्यांवर ठेवून प्रत्येक चेहरा तिथवर ओढत असेल तर त्यात भर पडते. सावळ्या चेहऱ्याचा उजेड 50 ते 55 च्या आसपास राहिला तर तो माणूस स्वतःसारखा दिसतो. हे विदर्भातल्या नटांबद्दल आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

यासाठी अर्धा दिवस नको. जबड्याच्या कडेवर तीन शेडच्या बोटभर पट्ट्या ओढा, मानेपर्यंत न्या, पंधरा मिनिटं थांबा, कारण बरेच बेस हवेने गडद होतात. मग सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहा. जी पट्टी दिसेनाशी झाली ती तुमची शेड. डोळ्याखालच्या काळेपणाला आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात, मग तेवढ्याच जागी बेस. पुरुषांच्या दाढीच्या हिरवट झाकेलाही नारिंगीच, आणि दाढी कॅमेऱ्याआधी दोन तास, म्हणजे लाली उतरते. नुसत्या सिलिकाच्या पावडरीचा पांढरा पट्टा व्हिडिओच्या सलग उजेडात सहसा दिसत नाही, फ्लॅशच्या फोटोत उमटतो. पोस्टरचे फोटो सेटवरच काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा.

इतवारी_कपडेपट

चेहऱ्याचं ठीक आहे दादा, कपड्यांचं घरच्या घरी कसं कळणार? बारीक चौकड्याचा सदरा डोळ्यांना एकदम साधा दिसतो. वाईडमध्ये फ्रेमची उंची तीन मीटर असेल तर एक पिक्सेल पावणेतीन मिलिमीटरचा. रेघांतलं अंतर साडेपाच मिलिमीटरच्या खाली गेलं की कॅमेऱ्याला त्या सुट्या मोजता येत नाहीत आणि सदऱ्यावर इंद्रधनुषी लाटा नाचायला लागतात. तोच सदरा कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये स्वच्छ येतो. म्हणजे दोष ना कापडाचा ना कॅमेऱ्याचा, त्या अंतराचा. तीन अंतरांवरून पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही. करवतकाठी साडीच्या काठाची मोठी नक्षी सहसा त्रास देत नाही, अंगातली बारीक चौकट देते.

पांढऱ्याचं वेगळं. धोतर, टोपी, नेहरू शर्ट नीळ घालून कडक केलेला असला की चेहऱ्याचा उजेड बरोबर ठेवताना कापड चित्रात जळून सपाट पांढरं होतं. सुती असेल तर गाळलेल्या फिक्या चहाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, पिळा, सावलीत वाळवा. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला करून पाहा. पॉलिस्टरला चहा धरत नाही, तिथे सरळ मोतिया रंगाचं कापड घ्या.

बर्डीचा_कॅमेरा

मोआरेबद्दल, म्हणजे त्या नाचणाऱ्या लाटांबद्दल, एवढंच: जो कॅमेरा पूर्ण 4के वाचून त्यातून 1080 काढतो त्याच्यावर हे बरंच कमी होतं. ओळी गाळून व्हिडिओ बनवणाऱ्या जुन्या डीएसएलआरवर जास्त. कॅमेरा नीट निवडला तर कपड्यांची यादी लहान होते.

इतवारी_कपडेपट

कमी होतं, जात नाही. आणि शेवटी प्रेक्षक ते फोनवर लहान करून पाहतो, तेव्हा लाटा पुन्हा उठू शकतात. म्हणून टेस्टचं फुटेज टीव्हीबरोबर फोनवरही पाहा.

झाडीबोली

मेकअप, कापड सगळं झालं, नटाच्या तयारीवर कोणीच बोलून नाही राहिलं. झाडीपट्टीचा नट उघड्या मंडपात रात्रभर मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवतो, आणि तो अंगाने बोलतो, वाक्याच्या जोरावर पाऊलभर पुढे येतो. आता हिशेब पाहा: 85 एमएम लेन्स, एफ 1.8 म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं, फुल फ्रेम कॅमेरा, नट दोन मीटरवर. फोकस धरून राहतो तो सहा सेंटीमीटरही नाही. नट जोरात बोलताना पुढे झुकला की डोळे फोकसबाहेर गेले आणि कान स्पष्ट. सगळे म्हणतात नट चुकला. काहून? त्याला कोणी सांगितलं होतं का?

भाऊ, त्याचं अंग बांधू नका, लेन्स बदला. 50 एमएम, एफ 2.8, तेच दोन मीटर, आता 26 सेंटीमीटर मिळतात. मग जमिनीवर टेपची टी-खूण करा, दोन्ही पायांची. नटाने खाली पाहू नये म्हणून टेपऐवजी चपटी लाकडी पट्टी, पायाला लागून कळते. फोकसवाल्याने तालमीलाच थांबायच्या जागांची अंतरं टेपने मोजून लिहून ठेवायची. सात इंची मॉनिटरवर डोळ्याने फोकस ठरवू नका, मोठं करून तपासा. आवाजाची पट्टी टेस्टलाच उतरवून घ्यावी लागते. कॅमेरा सुरू असताना ‘हळू बोला’ म्हटलं की नट भूमिका सोडतो आणि फक्त आवाज सांभाळत बसतो. म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे, पण टेस्ट मेकअपपेक्षा तालमीसाठी हवी.

कॉलशीट_मानेवाडा

टेस्ट घ्या, पण धरमपेठेतल्या एसी खोलीत घेऊ नका. मे महिन्यात इथे पारा 45 वर जातो. घरात शूट म्हणजे कूलर, आणि टेकच्या वेळी आवाजामुळे तो बंद. त्याची ओल खोलीत राहते, घाम वाळत नाही, पावडर ओल्या कातडीवर पडते आणि नाकाच्या बाजूला तिच्या गुठळ्या होतात. आधी टिश्यू दाबून घाम टिपा, घासू नका, मगच पावडरचा हलका हात. कूलर आणि टेकमध्ये दहा मिनिटं ठेवा. कॉल पहाटे साडेपाचचा, दहाला बाहेरचं काम थांबवा, पुन्हा साडेचारनंतर. मिररलेस कॅमेरे सलग रेकॉर्डिंगला तापून बंद पडू शकतात, त्यांनाही सावली द्या. खोलीतल्या एलईडी पॅनलचा फ्लिकर, म्हणजे चित्रात सरकणारे उजेडाचे पट्टे, तेव्हाच तपासा: 25 फ्रेम, शटर 1/50. तरीही पट्टे सरकले तर ते पॅनल बंद करून आपले लाईट लावा.

टेकआधीचा मेकअपचा शेवटचा हात एकाच माणसाचा, आणि तो मॉनिटरजवळ बसलेला.

महालचे_रंगभूषाकार

मॉनिटरजवळ मेकअपवाला बसवायला माझा विरोध आहे. तो दर टेकला काहीतरी शोधतो आणि उठतो. नट चेहऱ्याबद्दल जागा झाला की डोळ्यातलं काम गेलं. टेकआधी एकदा पाहा, मग दृश्य संपेपर्यंत हात नाही.

रंगपेटी_धरमपेठ

दादा, 45 डिग्रीत एका दृश्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली तर मिशीची कड तेवढा वेळ टिकत नाही. एक टेक झाला की पाहावंच लागेल. कॉलशीटचं मात्र मान्य: टेस्ट त्याच खोलीत, शूटच्याच वेळेला, कूलर बंद करून. कॅमेराभाऊ, तुमचा खर्चाचा मुद्दा राहतोच. लाईट लावायला पहिल्या दिवशी तुम्हाला दोन-अडीच तास लागतात. त्याच वेळात नट एकेक करून तुमच्या मऊ लाईटच्या उजेडात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तर वेगळं भाडं लागणार नाही. फक्त कपडे त्याआधी इस्त्री होऊन नंबर लागलेले पाहिजेत, आणि टेस्टमध्ये नापास झालेला कपडा बदलायला दुसरा जोड तिथेच पाहिजे.

बर्डीचा_कॅमेरा

असं असेल तर चालेल. पहिल्या दिवसाचा पहिला शॉट नऊच्या आत मागू नका.