कारखाना नाही म्हणजे ओढा चांगला?
वर एकांनी लिहिलंय की आमच्याकडे कारखाना नाही त्यामुळे ओढे चांगलेच आहेत. मला नाही पटत हे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बघा, डोंगरउतारावरचं जंगल तोडून रबर, अननस लावलेत, तिथे कुठली केमिकल फॅक्टरी आहे? तरी ओढा बदलतोच. काठावरची झाडं गेली की पाण्यावरची सावली जाते, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि वरून पाला पडायचा थांबला की तो कुजका पाला कुरतडून जगणाऱ्या किड्यांचं खाणंच बंद. त्यात उघड्या उताराची माती पावसात खाली येऊन गोट्यांमधल्या फटी बुजवते, नेमकी तिथेच मेफ्लाय नावाच्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं राहतात, काही मासे अंडी घालतात. पाणी नंतर नितळ दिसतं हो, पण एखादा दगड उलटून बघा खाली काही हलतंय का!

त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डेची जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई टिकलीय, आता ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. सगळीकडे तेवढं नाही जमणार, पण निदान ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी तरी तोडू नये असा ठराव ग्रामसभेत घ्यायलाच हवा, बाग कोणाचीही असो.