कीपॅड फोनवर यूपीआय: डेबिट कार्ड नसताना पिन कसा काढायचा?

वडील गावाकडे, जिंतूर तालुक्यात. बोटांना इतक्या भेगा की टचस्क्रीन दाद देत नाही. स्मार्टफोन घेऊन दिला तो कणगीवर पडून आहे. पण खताच्या दुकानापासून टपरीपर्यंत सगळे म्हणतात, "काका, स्कॅन करा की!"

कीपॅड फोनवरून *९९# (इंटरनेटशिवाय यूपीआय चालवायचा नंबर) लावून पाहिलं. बँक सापडली, पुढे डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे मागतंय. कार्ड नाही, आणि काढायला ते तयार नाहीत (हट्ट आहे, समजून घ्या). बँकेला आणि आधारला नंबर हाच जोडलेला आहे.

त्यांचं सिम तासभर माझ्या फोनात घालून आधार ओटीपीने पिन काढला आणि सिम परत कीपॅडमध्ये टाकलं, तर *९९# वर तोच पिन चालेल का? कुणी करून पाहिलंय?