मदत हवी आहे: प्रयोगशाळेतून हवेत जाणाऱ्या किरणोत्सर्गाचा हिशोब

नमस्कार मंडळी, रेडिएशन सेफ्टीतलं कुणी आहे का इथे?

कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांचा वार्षिक उत्सर्जन अहवाल यंदा माझ्या गळ्यात पडलाय. अमेरिकेच्या ईपीएची (पर्यावरण संरक्षण संस्थेची) पद्धत वापरतोय: वर्षभरात वापरलेला किरणोत्सर्गी साठा गुणिले फॅक्टर, म्हणजे त्यातला किती भाग हवेत गेला असं धरायचं ते. वायूला १, द्रव किंवा पावडरला एक हजारांश, घन पदार्थाला एक दशलक्षांश. न उघडलेल्या, न गळलेल्या सीलबंद बाटल्या धरायच्या नाहीत. इथवर सोपं आहे.

अडलंय कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनवर. तो ज्यात असतो ते ग्लुकोज द्रावणातच येतं, म्हणून मी द्रवाचा फॅक्टर धरून ३७ मेगाबेकरेलचे (बेकरेल हे किरणोत्सर्गाचं एकक) ३७ किलोबेकरेल लावून मोकळा झालो. पण पेशी ते ग्लुकोज खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो सरळ फ्यूम हूडमधून (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटातून) बाहेर! मग फॅक्टर द्रवाचा की वायूचा? त्यात भर म्हणजे एका विद्यार्थ्याने वहीत बारीक अक्षरात लिहिलंय, ‘कचरा ऑटोक्लेव्ह केला’. म्हणजे दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवला. नियमात १०० अंश किंवा जास्त तापवलं की वायूच धरतात. सगळा साठा धरायचा की फक्त कचऱ्यात गेलेला?

हूडला हेपा फिल्टर आहे, पण तो कण अडवतो, वायू नाही. त्यामुळे फिल्टर आहे म्हणून आकडा कमी करायची सूट इथे घेणं मला तरी पटत नाही.

लोकांना मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस मर्यादेच्या, म्हणजे वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे डोसचं एकक), खूपच खाली येईल हे दिसतंय. तरी आकडा मागितला तर दाखवता यायला हवा. तुम्ही वहीत अशी नोंद कशी ठेवता?