शेती विषयाचा निधी बंद का करायचा?

'शेती घरीच शिकता येते, शाळेत त्यावर सरकारी पैसा कशाला?' हे काही पटलं नाही. घरी हाताला सवय लागते. त्यामागचं कारण सांगायला शिक्षक लागतो. भुईमुगाचं रोप अलगद उपटा, मुळावरची एखादी गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसली की समजायचं, रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) रोपाला वापरता येईल अशा रूपात बांधतायत. फळ्यावर तासभर सांगूनही हे डोक्यात शिरत नाही! अमेरिकेने १९१७ च्या स्मिथ-ह्यूजेस कायद्याने शाळांतल्या शेती शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला, तो शिक्षकांच्या पगारासाठीही. खरी मेख तिथेच आहे. बियाणं कुणीही देणगी देईल (फोटोसकट), पण दरमहा पगार कोण देणार? आणि ज्याच्या घरी जमीनच नाही, त्या पोराने कुठे शिकायचं?