चर्चा: ऑनलाइन ओळखीतून धंद्याचे खरे संबंध जुळतात का?

कागदकात्री:
माझं मत आधीच सांगते, जुळतात. पण कनेक्टचं बटण दाबून नाही. मी पॅकेजिंग डिझाइन करते, एकटीच. पहिली दोन वर्षं लिंक्डइनवर दिसेल त्याला रिक्वेस्ट टाकायचे आणि समोरच्याने स्वीकारली की लगेच पोर्टफोलिओची लिंक, त्यातून एकही काम आलं नाही. मग एकदा एका प्रिंटरने ग्रुपवर विचारलं की गडद रंगावरची बारीक पांढरी अक्षरं छापताना बुजतात का. मी फाइल मागवली, बघितलं तर मागचा रंग चार शाईंनी बनवलेला, त्यामुळे रजिस्टर (चारही शाईंचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं) जरा हललं की अक्षर भरत होतं. तेवढं सांगितलं, विषय संपला. आठ महिन्यांनी त्यानेच त्याच्या क्लायंटला माझा नंबर दिला. आजही आमचं एकत्र काम चालू आहे.

रोखठोक:
एक किस्सा झाला म्हणून नियम होत नाही ताई. मीही लोकांना फुकट सल्ले दिलेत, बहुतेकजण थँक्यू म्हणून गायब. माणूस कळतो तो डेडलाइन चुकल्यावर फोन उचलतो का त्यावरून, पोस्टवर कमेंट छान करतो म्हणून नाही. माझं पेमेंट दोनदा अडकलं, दोन्ही वेळा पार्टी ऑनलाइन भेटलेली. आणि मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबारने १९९० च्या दशकात मेंदूच्या आकारावरून अंदाज मांडला होता की माणूस साधारण १५० जणांशीच नातं टिकवू शकतो, मग लिंक्डइन प्रोफाइलवर ५००+ ओळखी मिरवून त्यातले आपले किती?

वाटसरू:
५००+ चं पटलं. पण नातं घट्ट नसलं तरी उपयोगी असतंच की. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्येच हे मांडलंय, जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात जास्त उपयोग मध्यम कच्च्या ओळखींचा झाला. अगदीच परक्यांचा नाही हं, थोडेफार सामाईक ओळखीचे असलेल्यांचा.

रोखठोक:
तो अभ्यास नोकरीचा आहे. नोकरीत खबर मिळाली की काम झालं, धंद्यात खबरीनंतर माझा पैसा आणि माझं नाव पणाला लागतं. मला कोणी लांबच्याने लीड दिली तर घेईन, पण त्याला संबंध म्हणणार नाही.

कागदकात्री:
हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी ऑनलाइन भेटलेल्याकडून पहिलं काम मुद्दाम छोटं घेते, एकच लेबल, अर्धा अ‍ॅडव्हान्स. त्यात फीडबॅक कसा देतो, बिल कधी चुकतं करतो सगळं दिसतं. फुकट सल्ल्यालाही मर्यादा ठेवते, एका मेसेजमध्ये उत्तर देता आलं तर देते, फाइल दुरुस्त करायची म्हटलं की चार्ज सांगते. खूपजण तिथेच थांबतात, थांबू देत. मात्र ज्यांच्याशी एकदा नीट काम झालंय त्यांना मी वर्षातून दोनतीनदा काही न मागता मेसेज करते, त्यांच्या कामाचा नवा कागद, नवी शाई काही दिसली की पाठवते. तुम्ही असं कधी करून बघितलंय का?

रोखठोक:
काही न मागता? नाही. माझा मेसेज गेला की समोरच्याला कळतं माझ्याकडचं काम संपलंय म्हणून, हे मात्र मान्य. छोट्या कामाचं करून बघतो, अ‍ॅडव्हान्स मात्र मी पूर्ण घेणार.